कागदावर न्यूमोनिया लिहिलं, पण पोर कशानं गेलं?

आडसाली
हा धागा काढू की नको, असं पंधरा दिवस चाललं होतं. आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या कडेला. घरचा ऊस आहे, दरवर्षी तोडणीला मजुरांची टोळी येते. यंदा बीडकडची अकरा कोयत्यांची टोळी आमच्या मोकळ्या रानात कोप्या घालून राहिली आहे. (शहरातल्या सभासदांसाठी: एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी.) त्यातल्या एका जोडप्याची आठ महिन्यांची मुलगी जानेवारीत दगावली. पहाटे साडेचारला मुकादम दार वाजवत आला. मी गाडी काढली. तालुक्याला पोचायच्या आधीच आईच्या मांडीवर सगळं संपलं होतं.

दवाखान्यातून कागद मिळाला, त्यावर 'न्यूमोनिया' लिहिलंय. तिसऱ्या दिवशी ती बाई परत फडात होती.

मला छळतंय ते वेगळंच. माझीही मुलगी तेवढ्याच वयाची. तिलाही त्याच आठवड्यात खोकला झाला होता, चार दिवसांत उतरला. आमचं घर आणि ती कोपी यात फार तर चारशे फुटांचं अंतर. थंडी तीच, विहीरसुद्धा तीच. मग एकीचा खोकला आणि दुसरीचा न्यूमोनिया, असं कसं? जाणकारांनी सांगावं. 'नशीब' हे उत्तर घरी आईकडून ऐकून झालंय.

खटावची सून
वाचून गलबललं. लिहिते सावकाश.

शंकेखोर
वाईट झालं, त्याबद्दल दुमत नाही. पण एका घटनेवरून लगेच व्यवस्थेवर घसरू नये, म्हणून आकडे देतो. एसआरएस (सरकारची जन्म-मृत्यूची नमुना पाहणी) २०२० प्रमाणे हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी मुलं देशात २८, महाराष्ट्रात १६. आपण बऱ्यापैकी पुढे आहोत. मोफत लस आहे, अंगणवाडी आहे, १०८ आहे. आई-बापांनी खोकला आठवडाभर अंगावर काढला असेल तर त्याला कोण काय करणार?

स्टेथो
आडसाली, दाखल्यावर शेवटचं कारण येतं. त्याच्या मागं जी रांग असते ती दाखल्यावर मावत नाही. मी मिरजेकडं अठरा वर्षं लहान मुलं तपासतोय, त्यामुळे आधी चार प्रश्न विचारतो. जन्माचं वजन किती होतं? लसीचं कार्ड बघायला मिळेल का? चूल कोपीच्या आत की बाहेर? आई फडात गेल्यावर बाळ कुणाजवळ असायचं?
आणि पाचवा. विहीर एक असेल, पण पाणी साठवत कशात होते?

आडसाली
मुकादमाला मध्ये घालून विचारलं. मला वाटलं होतं ते लोक चिडतील. बापानं गाठोड्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढून हातात दिलं.

जन्म मे महिन्यातला. वजन २ किलो १०० ग्रॅम. दीड महिन्याची आणि अडीच महिन्यांची लस दिलेली, साडेतीन महिन्यांच्या रकान्यात काहीच नाही. बाप म्हणाला, तेव्हा तिला ताप होता, मग राहिलं, मग टोळी निघाली. चूल आतच, दाराशी. थंडीत पाचट जाळून रात्रभर धग ठेवतात. बाळ सात वर्षांच्या बहिणीकडं असायचं, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला साडीची झोळी बांधून फडातच.

पाणी बॅरलमध्ये. झाकण नाही. तो बॅरल मीच दिलेला. फवारणीच्या औषधाचा होता, रिकामा झाल्यावर साबणानं धुऊन दिलेला. लिहिताना लाज वाटतेय, पण आमच्याकडं सगळेच देतात.

स्टेथो
लाज बाजूला ठेवा, बॅरल आजच बदला. आता रांग मांडतो.

मे महिन्यात जन्म, म्हणजे आदल्या हंगामात ही मुलगी पोटात होती. सहावा-सातवा महिना लागेपर्यंत आई ऊस तोडत होती, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रक भरत होती. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी सापडलंय. ही बाई त्यातच असणार, असं मी धरून चालतो. बाळ भरलं २ किलो १००. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं. असं मूल जन्मतःच तुटपुंजी शिल्लक घेऊन येतं. अंगावर चरबी नाही म्हणून ऊब टिकत नाही, ओढून प्यायला ताकद नाही, रोगाशी झगडायची तयारी अर्धवट.

दुखणं प्रत्येक मुलाला येतं. पोसलेलं मूल चार दिवस नीट जेवलं नाही तर अंगावरचं वापरतं आणि बरं झाल्यावर खाऊन भरून काढतं. तुमच्या मुलीनं हेच केलं. जिच्या अंगावर काहीच नाही, तिची खोकल्यात भूक मरते, भूक मेली की वजन उतरतं, आणि पुढचा जंतू आला की त्याला दार उघडंच. त्यात बंद कोपीतला पाचटाचा धूर. धुरानं श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब होतं, म्हणजे राखणदारच झोपला. त्यात न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या न्यूमोकॉकल लसीचा साडेतीन महिन्यांचा डोस चुकलेला. अधूनमधून जुलाब झाले असणार, पाणी कुठलं ते तुम्हीच सांगितलंत. एवढं सगळं झाल्यावर न्यूमोनिया येतो आणि दाखल्यावर नाव लावून जातो. पाच वर्षांखालच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांच्या मागे कुपोषणाचा हात असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या अठरा वर्षांत दाखल्यावर तो शब्द क्वचितच पाहिलाय.

शंकेखोर, तुमचा १६ चा आकडा बरोबर आहे. पण केरळात त्याच वर्षी ६ होता. आणि आपल्या १६ पैकी ११ पहिल्या २८ दिवसांतच जातात. तिथं १०८ पेक्षा घरात कोण येऊन बघतं याला जास्त महत्त्व. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळं तपासायला लावली, तेव्हा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ मध्ये ते छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते ती त्यातूनच. पण ती घरी येते. घर हंगामात कुठं असतं?

शंकेखोर
मुद्दा घेतला. तरी आई-बापांची जबाबदारी शून्य होत नाही.

पूर्वभाग
मी जत तालुक्यात पूर्व भागात अंगणवाडी सेविका आहे, नाव लिहीत नाही. डॉक्टरसाहेबांनी टोळीचं सांगितलं, मी घर असलेल्यांचं सांगते, कारण उपाशी पोर फक्त कोपीत असतं असं समजू नका.

माझ्या अंगणवाडीत एक मुलगा दोन महिने लाल श्रेणीत, म्हणजे तीव्र कुपोषित होता. घरात दोन म्हशी. रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जातं, फॅट चांगली लागते, दहा दिवसाला बिल येतं. पोराला काय? चहात बुडवून बिस्कीट. रडलं की पाच रुपयाचा पुडा. त्याची आजी म्हणाली, "बाई, दूध घरात ठेवलं तर पेंड कशाची आणू?" आजीचं गणित चुकीचं नाही, हेच तर दुखणं. म्हैस दूध देते तोवर पेंड लागणार, पेंडीला पैसा लागणार. मी इतकंच मागितलं की धार काढताना एक तांब्या आधी बाजूला काढा. पाव लिटर. दीड महिन्यानं पोरगं पिवळ्यात आलं.

दुसरं, उष्टावण. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, हे आता बऱ्यापैकी बायकांना पाठ झालंय. सहावा संपला की वरचं अन्न सुरू व्हायला पाहिजे, तिथं गाडी अडते. उष्टावण मामाच्या हातून व्हायचं. मामा पुण्यात कंपनीत, त्याला सुटी दिवाळीला. मग पोर नवव्या महिन्यापर्यंत नुसतं दुधावर. आठ-नऊ महिन्यांच्या पोराला आईचं दूध पुरत नाही हो. मी आता सरळ सांगते, मामाचा मुहूर्त मामासाठी ठेवा, भात-वरण सहाव्याला सुरू करा. मामा आल्यावर चांदीच्या वाटीतून परत भरवू दे की!

आणि पातळ करू नका. डाळीचं नुसतं वरचं पाणी, नाहीतर पेज. पोराचं पोट मुठीएवढं, पाण्यानं भरलं की झालं, ते गप झोपतं आणि आईला वाटतं जेवलं. चमच्यातून ओघळणार नाही एवढं घट्ट पाहिजे. वरून चमचाभर तेल नाहीतर शेंगदाण्याचं बारीक कूट. चमचाभर तेलात ४५ कॅलरी, भात वाढवायची गरजच नाही. वर्षाचं झालं की आई जेवते त्याच्या निम्मं त्यानं खायला पाहिजे. हे सांगितलं की सगळ्या हसतात. मग मी विचारते, आई किती जेवते? तेव्हा हसू थांबतं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकरी आणि खर्डा.

खटावची सून
पूर्वभाग ताई, अगदी. आणि टीएचआरच्या, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणाऱ्या आहाराच्या पाकिटांचं कुणी बोलणार का? माझ्या सासरी ती पाकिटं शेळीला घालतात. चव नाही म्हणतात. सरकारी हिशेबात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बाळाच्या पोटात गेलेली असतात, प्रत्यक्षात शेळी बाळसं धरते.

माझ्या आजेसासूबाई लेकीला बाळंतपणात हुलग्याचं माडगं द्यायच्या. तेव्हा नाक मुरडलं होतं. आता वाटतं ते शहाणपणाचं होतं.

माणदेशी म्हातारा
माडग्यात गूळ घालायचा की मीठ-लसूण, हे आधी ठरवा. आमच्यात गूळ.

खटावची सून
आजोबा, बाळंतिणीला गूळ, बाकीच्यांना लसूण. वाद मिटला.

माणदेशी म्हातारा
मिटला. आता खरं सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. आई-वडील खडी फोडायला, मी धाकटीला घेऊन टेकाडाच्या सावलीला. कामावर सुकडी (पिठाचा पौष्टिक खाऊ) मिळायची. कागदात बांधून आई आणायची आणि आधी धाकटीला, मग मला. रेशनवर मिलो ज्वारी यायची, लाल, भाकरी तुटायची नाही. तुमच्या आडसालीच्या कोपीतली ती सात वर्षांची पोर वाचली आणि ते टेकाड आठवलं. सुकडी सगळ्यांना मिळायची, कामावर आलेल्या कुणाला विचारत नव्हते की तुझं गाव कुठलं, तुझं नाव कुठल्या रजिस्टरला. माझी धाकटी बहीण आज आजी आहे.

त्याच सुमारास तिकडं जामखेडला आरोळे डॉक्टर जोडपं होतं. दवाखाना काढायला आले तर लोक म्हणाले, आधी पाणी आणि पोरांना खायला. मग त्यांनी तेच आधी केलं. हे मी पुढे कुठंतरी वाचलं.

कोयता
सदस्य झाल्यापासून फक्त वाचत होतो, आज लिहितो. मी धारूर तालुक्यातला. आई-वडील बावीस वर्षं तुमच्याच भागात तोडीला यायचे. इस्लामपूर, कराड, एकदा सातारा रोडकडं. मी आता पुण्यात नोकरी करतो.

'आई-बापांची जबाबदारी' म्हणणाऱ्यांना एक हिशेब सांगतो. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जोडप्याच्या नावावर असते. बाई आजारी मुलाजवळ बसली की तो खाडा. खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात. दोन-चार खाडे झाले की हंगाम संपताना मुकादमाचंच देणं निघतं, मग पुढच्या वर्षी परत यायलाच लागतं. आणि कोयता एकट्या गड्याचा चालत नाही, तोडतो एक, साळतो-बांधतो दुसरा. मुलाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे दोघांची मजुरी, रिक्षा आणि औषध. माझ्या आईला खोकला म्हणजे काय हे कळत नव्हतं असं नाही. तिला खाडा म्हणजे काय हेही कळत होतं.

त्या सात वर्षांच्या बहिणीच्या जागी मी होतो. मला धाकट्या भावाला सांभाळायला ठेवायचे. तो रडला की काय करायचं, मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उसाची कांडी चावून रस त्याच्या तोंडात सोडायचो. तो गप व्हायचा. आई तीनच्या अंधारात गेलेली, दहाला एकदा पाजून जायची, मग थेट दिवस मावळताना. भाऊ जगला. तेव्हाच्या टोळीतली दोन पोरं नाही जगली. त्यांचं दाखल्यावर काय लिहिलं, मला माहीत नाही. दाखला काढला होता की नाही तेही माहीत नाही.

आडसाली, तुम्ही कार्ड मागितलंत तेव्हा त्या बापानं लगेच का दिलं, माहितेय? कुणी विचारतच नाही.

पाटणखोरं
आमच्याकडं उलटं. लोक जागेवर, रस्ता जागेवर नाही. वरच्या धनगरवाड्यांवर जूनपासून चार महिने गाडी चढत नाही. त्यामुळे शहाणी घरं सातवा-आठवा महिना लागला की सुनेला खाली नातेवाइकांकडं आणून ठेवतात. ज्यांचे खाली नातेवाईक नाहीत, त्यांच्यासाठी डालगं आणि चार खांदे, बाईला त्यात बसवून खाली आणायचं. नाचणी, वरी, गाईचं दूध यामुळे पोरं काटक असतात, पण घरात धूर इतका की भिंत काळी कुळकुळीत. एवढंच.

आडसाली
कोयता, तुमचं दोनदा वाचलं. उत्तर नाही माझ्याकडं.
एक विचारतो, सगळ्यांना. टोळी अजून मार्चअखेरपर्यंत आहे. सहा वर्षांखालची नऊ मुलं मोजली मी. मी डॉक्टर नाही, सरकार नाही. रानाचा मालक म्हणून नेमकं काय करू शकतो? मोठमोठं सांगू नका, पुढच्या आठवड्यात जमेल ते सांगा.

स्टेथो
पाणी: झाकणाचा, नळ असलेला पिंप. ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते, किती घालायची ते जलसुरक्षकाला विचारा, अंदाजानं टाकू नका.
चूल: बाहेर, आडोशाला. धग पाहिजेच असेल तर गोधड्या द्या. तान्ह्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधायला सांगा, त्यापेक्षा चांगली शेगडी नाही.
श्वास: मूल शांत असताना एक मिनिट पोट बघून मोजायचे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, त्यापुढे ४०. एवढे भरले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. त्या सात वर्षांच्या पोरीला मोजता येत नसेल, पण मुकादमाकडं मोबाइल असतो.
जुलाब: ओआरएसची पाकिटं घरात ठेवा, एक पाकीट एक लिटर पाण्यात. सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी.
आणि कुणी वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवत असेल तर थांबवा.

पूर्वभाग
तुमच्या गावच्या सेविकेला गाठा. स्थलांतरित मुलांचं नाव तात्पुरतं घेता येतं, आहार देता येतो. ती म्हणेल पोर्टल चालत नाही. म्हणू दे, मीही म्हणते. परत जा.
तिच्याकडं दंडघेराची पट्टी असते. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळा. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराला लावायची.

कोयता
आणि मुकादमाशी खाड्याचं बोला. ते तुम्हीच बोलू शकता. आमचं ऐकत नाहीत, मालकाचं ऐकतात.

आडसाली
धागा वर काढतोय. तीन आठवडे झाले.

पिंप आला. चुली बाहेर गेल्या, पण थंडी वाढली त्या दोन रात्री परत आत आल्या, खोटं कशाला सांगू. सेविका पहिल्या दिवशी आली नाही, दुसऱ्यांदा आली, नंतर आपणहून दर गुरुवारी येतेय. नऊपैकी दोन मुलं पिवळ्यात निघाली, एक लाल. दीड वर्षाचा मुलगा, दंडघेर ११.२. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात १४ दिवस ठेवायला सांगितलं, आईसकट. मुकादमाशी बोललो. तो म्हणाला, मालक, चौदा दिवस म्हणजे चौदा खाडे, कारखाना मला विचारणार. मी म्हटलं निम्मे माझ्या अंगावर टाक. घरी यावरून बरंच झालं. बाई गेली, पाचव्या दिवशी परत आली. मोठी मुलगी इथं एकटी पडली होती, त्याला काय म्हणू?

आता रोज सकाळी आमच्या घरनं तांब्याभर दूध आणि एक अंडं जातं. पूर्वभाग ताईंचं गणित आईला सांगितलं, धार काढतानाच बाजूला काढते. ती मेलेल्या मुलीची आई येते तांब्या न्यायला. दुसऱ्याच्या पोरासाठी. माझी मुलगी ओट्यावर बसलेली असते, तिच्याकडं ती बघत नाही.

काल पट्टी लावली, ११.६ भरला.

पूर्वभाग
डाव्या दंडाला लावली ना? खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडून? पट्टी आवळली तर कमी भरतं, ढिली धरली तर जास्त. परत लावा, दोनदा. आणि वजन लिहा इथं.